आबे लिस्ट : उत्तरायुष्याचे संगीत

कलावंताच्या आयुष्यातील एखादी ठळक घटना पुष्कळदा त्याच्या कलेच्याच आड येऊन उभी राहते. फ्रान्झ लिस्ट या हंगेरियन संगीतकाराच्या बाबतीत ही आडकाठी दुहेरी झाली आहे. पूर्वायुष्यात पियानोवादक म्हणून त्याला लाभलेली अफाट कीर्ती ही पहिली. आणि वयाच्या चौपन्नाव्या वर्षी त्याने अंगावर चढविलेला पाद्र्याचा काळा झगा ही दुसरी. पहिलीमुळे त्याच्या संगीताकडे केवळ बोटांची करामत म्हणून पाहण्याची सवय लोकांना जडली. दुसरीमुळे त्याच्या उत्तरायुष्याकडे नाटकाचा शेवटचा अंक म्हणून पाहण्याची. पडदा पडल्यावर टाळ्या वाजवाव्यात की नाक मुरडावे, एवढाच काय तो वाद उरला. त्या अंकात जे संगीत लिहिले गेले ते मात्र बहुतेकांनी ऐकलेच नाही.

या संगीताची बाजू समजून घ्यावयाची तर प्रथम झग्याचा प्रश्न निकालात काढला पाहिजे. लिस्टच्या धर्मप्रवेशाविषयी दोन मते परंपरेने चालत आली आहेत. पहिले मत उपहासाचे. रोममध्ये दीर्घकाळ राहिलेल्या ग्रेगोरोव्हियस या जर्मन इतिहासकाराने लिस्टला धर्मवेषात पाहिले, तेव्हा आपल्या रोजनिशीत त्याची तुलना पाद्र्याचे सोंग घेतलेल्या सैतानाशी केली. पुढे अर्नेस्ट न्यूमन या इंग्रज समीक्षकाने १९३४ साली लिहिलेल्या ग्रंथात लिस्टला जन्मभर दोन भूमिकांत विभागलेला नट ठरविले. दुसरे मत भाविकांचे : पापी माणसास उपरती झाली, त्याने संसाराकडे पाठ फिरविली आणि तो संत झाला. वरवर पाहता ही दोन मते परस्परविरुद्ध वाटतात. पण दोहोंचा पाया एकच आहे. १८६५ साली लिस्टच्या आयुष्याने एकाएकी वळण घेतले, असे दोन्ही पक्ष गृहीत धरतात. अ‍ॅलन वॉकर यांचे तीन खंडांतील चरित्र १९८३ ते १९९६ या काळात प्रसिद्ध झाले, त्यानंतर हे गृहीत टिकण्यासारखे राहिलेले नाही.

लिस्टचा जन्म २२ ऑक्टोबर १८११ रोजी तत्कालीन हंगेरीच्या पश्चिम सीमेवरील डोबोर्यान या खेड्यात झाला. जर्मन भाषेत या गावाला रायडिंग म्हणतात आणि १९२१ पासून ते ऑस्ट्रियात मोडते. त्याचा बाप आडाम लिस्ट हा एस्टरहाझी या बड्या सरदार घराण्याच्या जहागिरीतील कारभारी होता. आडामची हकिकत प्रांतोप्रांती बदलीवर फिरणाऱ्या आपल्यासारख्या वाचकांना परकी वाटू नये. तरुणपणी तो फ्रान्सिस्कन संन्याशांच्या मठात उमेदवार म्हणून दाखल झाला होता. दोनएक वर्षांत तेथून बाहेर पडला. पुढे आयझेनश्टाट येथे, घराण्याच्या मुख्य ठाण्यावर, नोकरी करता करता तो तेथील वाद्यवृंदात चेलो वाजवी. थोर संगीतकार हायडन याच्याशीही त्याची ओळख होती. म्हणजे कचेरी आणि कला यांचा मेळ बसला होता. अशा वेळी, १८०९ साली, त्याची बदली डोबोर्यान येथे, मेंढ्यांच्या कळपांचा हिशेब ठेवण्यासाठी झाली. हुद्दा वाढला, पण संगीत सुटले. मुलाच्या शिक्षणासाठी व्हिएन्नास नेमणूक मिळावी म्हणून त्याने धन्याकडे अर्ज केले, ते मान्य झाले नाहीत. अखेर १८२२ साली रजा काढून तो मुलाला घेऊन व्हिएन्नास गेला आणि पुन्हा त्या नोकरीवर परतला नाही. तेथे मुलाला चेर्नी पियानो शिकवू लागला आणि सालिएरी संगीतरचना. १८२३ साली बापलेक पॅरिसला पोहोचले. परदेशी विद्यार्थी घ्यावयाचा नाही, या नियमावर बोट ठेवून तेथील संगीतशाळेने या मुलाला दारातूनच परत पाठविले.

बापाने अर्ध्यावर टाकलेला मठ आणि बापाच्या हातून सुटलेले संगीत, हे दोन्ही वारसे मुलाकडे आले. १८२७ मध्ये आडाम फ्रान्समध्येच वारला. पंधरा वर्षांचा मुलगा शिकवण्या करून स्वतःचे आणि आईचे पोट भरू लागला. पुढच्याच वर्षी एका उमराव घराण्यातील शिष्येवर त्याचे प्रेम जडले. मुलीच्या बापाने त्याला घराबाहेर काढले. तेव्हा त्याने धर्मशिक्षणाच्या विद्यालयात जाण्याचा हट्ट धरला होता. आईने आणि त्याच्या धर्मगुरूने त्याला परावृत्त केले. १८३४ साली तो लामने या बंडखोर फ्रेंच धर्मविचारवंताच्या सहवासात राहिला आणि त्याच काळात भविष्यातील धर्मसंगीत कसे असावे यावर त्याने एक लेख लिहिला. देऊळ आणि रंगमंदिर यांच्यात पडलेली दरी भरून काढणारे, भव्य आणि तरीही सोज्ज्वळ असे संगीत निर्माण व्हावे, असा त्या लेखाचा मथितार्थ होता. तो लिहिणाऱ्याचे वय बावीस-तेवीस वर्षांचे होते. तेव्हा १८६५ साली जे घडले ती उपरती नव्हे; सतरा वर्षांच्या मुलाची अडविली गेलेली इच्छा छत्तीस वर्षांनी, बऱ्याच आडवाटा तुडवून, पुरी झाली एवढेच.

या आडवाटा थोड्याथोडक्या नव्हत्या. मारी दागू या विवाहित सरदारपत्नीसमवेत त्याने देशोदेशी वास्तव्य केले. तिच्यापासून त्याला ब्लांदीन, कोझिमा आणि डानिएल ही तीन अपत्ये झाली. १८३९ ते १८४७ या काळात तो युरोपभर वादनाचे दौरे करीत हिंडला. एकट्या वादकाने सारी संध्याकाळ रंगवावयाची, ही आज सर्वत्र रूढ झालेली मैफलीची पद्धत त्यानेच रुळविली. त्याच्यापायी श्रोत्यांना जे वेड लागे, त्याला हाइने या कवीने १८४४ साली ‘लिस्टोमॅनिया’ असे नाव दिले. आणि हे सारे ऐन भरात असताना, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, १८४७ च्या सप्टेंबरात येलिझावेतग्राड या गावी शेवटची बिदागीची मैफल करून त्याने वादनाचा व्यवसाय सोडून दिला. त्याच्या आयुष्यात वैराग्याचा क्षण शोधावयाचाच असेल, तर तो या सप्टेंबरात शोधावा. अठरा वर्षांनी आलेल्या झग्यात नव्हे. पुढे वायमार येथे संचालक म्हणून त्याने इतरांचे संगीत लोकांपुढे आणले. देशोधडीला लागलेल्या वाग्नरचे ‘लोहेन्ग्रिन’ त्यानेच १८५० साली प्रथम रंगमंचावर आणले. स्मेतानाला त्याने उत्तेजन दिले, ग्रीगसाठी शिफारसपत्र लिहिले. शिष्यांकडून तो दमडीही घेत नसे.

मग एकामागून एक आघात झाले. विरोधकांनी पाडलेल्या एका संगीतिकेच्या निमित्ताने १८५८ मध्ये त्याने वायमारचे संचालकपद सोडले. १८५९ मध्ये मुलगा डानिएल गेला, १८६२ मध्ये मुलगी ब्लांदीन गेली. या दोन मृत्यूंच्या मधोमध, २२ ऑक्टोबर १८६१ रोजी, त्याच्या पन्नासाव्या वाढदिवशी, रोममध्ये कारोलिन झू साइन-विट्गेनश्टाइन या राजकन्येशी त्याचा विवाह व्हावयाचा होता. चर्च सजले होते. आदल्या रात्री धर्मपीठाकडून निरोप आला, की राजकन्येच्या पूर्वविवाहाच्या प्रकरणाची पुन्हा चौकशी होणार आहे. लग्न मोडले ते कायमचे. १८६४ मध्ये राजकन्येचा पहिला पती वारला, मार्ग मोकळा झाला, तरीही दोघांनी विवाह केला नाही. १८६३ पासून लिस्ट रोमच्या वेशीबाहेर मोन्ते मारिओ टेकडीवरील एका मठात, जवळजवळ रिकाम्या खोलीत राहत होता. पोप नववे पायस त्या मठात येऊन त्याचे वादन ऐकून गेले.

२५ एप्रिल १८६५ रोजी लिस्टचा मुंडनविधी झाला आणि ३० जुलै रोजी तिव्होली येथे त्याने चार कनिष्ठ दीक्षा घेतल्या. त्या कोणत्या, हे पाहणे उद्बोधक आहे : द्वारपालाची, धर्मग्रंथ वाचणाऱ्याची, भूतबाधा उतरविणाऱ्या पंचाक्षरीची आणि वेदीपुढे दिवे वाहणाऱ्या परिचारकाची. याच्या वरच्या पायऱ्या त्याने कधीच चढल्या नाहीत. त्याला पूजाविधी चालविण्याचा अधिकार नव्हता, पापनिवेदन ऐकण्याचा नव्हता. ब्रह्मचर्याचे बंधनही त्याच्यावर नव्हते. फ्रेंच भाषेत कोणाही झगाधाऱ्याला आदराने ‘आबे’ म्हणतात, म्हणून जग त्याला आबे लिस्ट म्हणू लागले आणि तो पूर्ण धर्मगुरू झाला असा समज पसरला. वस्तुतः तो उंबरठ्यावर थांबला होता. पुढे १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी या कनिष्ठ दीक्षांची व्यवस्थाच मोडीत काढली. ज्या पदावरून एवढे वादंग माजले, ते पद आज अस्तित्वातच नाही. त्या पदावर बसलेल्या माणसाने लिहिलेले संगीत मात्र आहे. निवाडा करावयाचा तो त्याचा करावा.

झगा घातल्यावर लिस्टने कोन्याक सोडली नाही, व्हिस्टचा डाव सोडला नाही, शिष्यांचा गोतावळाही सोडला नाही. उपहास करणाऱ्यांना हे पुरेसे वाटते. परंतु सर्वसंगपरित्यागाचे वचन त्याने कोणाला दिलेच नव्हते. आपल्याकडे कीर्तनकार प्रपंच सांभाळून नारदाच्या गादीवर उभा राहतो आणि त्यात कोणाला विसंगती दिसत नाही. युरोपात मात्र एकोणिसाव्या शतकापर्यंत संगीतकाराचे आणि पुरोहिताचे मार्ग इतके वेगळे झाले होते, की त्यांना एकत्र आणू पाहणारा माणूस ढोंगी तरी ठरे, वेडा तरी. लिस्टची धडपड ती गादी निर्माण करण्याची होती. ती त्याला साधली काय, हा खरा समीक्षेचा प्रश्न.

आरंभीच्या मोठ्या कृतींवरून उत्तर द्यावयाचे तर ‘अर्धीमुर्धी साधली’ असेच द्यावे लागेल. ‘संत एलिझाबेथची आख्यायिका’ हा त्याचा ऑरॅटोरिओ दीक्षेनंतर दोनच आठवड्यांनी, १५ ऑगस्ट १८६५ रोजी, पेश्त येथे हंगेरियन अनुवादात प्रथम गाइला गेला. ऑरॅटोरिओ म्हणजे नेपथ्य आणि वेषभूषा नसलेले, केवळ गायनवादनातून सांगितलेले आख्यान. एलिझाबेथ ही हंगेरीच्या राजाची मुलगी, लहानपणीच जर्मनीत सून म्हणून गेलेली आणि तेथेच दीनदुबळ्यांची सेवा करीत संपलेली. मायदेशाबाहेर आयुष्य काढणाऱ्या लिस्टला ही कथा का जवळची वाटली, हे सांगावयास नको. पण कृती लांबली आहे, आणि तिच्यातील वादळ हे रंगभूमीवरचे वादळ आहे. ‘क्रिस्तुस’ हा त्याहून मोठा प्रयत्न. त्याचे तीन भाग, चौदा प्रकरणे. सलग ऐकावयास सुमारे तीन तास लागतात. १८७३ च्या मे महिन्यात वायमार येथे खुद्द लिस्टच्या संचालनाखाली तो प्रथम संपूर्ण सादर झाला. त्यातील तीन राजांची मिरवणूक इतकी झगमगीत आहे, की गोठ्यातील बालक झाकोळून जाते. येथे जुना मैफलीचा बादशहा अजून बोलतो आहे. पण याच कृतीत, मृत्यूच्या आदल्या रात्री बागेत एकट्या पडलेल्या येशूचे जे गीत आहे, त्यात सारा डामडौल गळून पडतो. एक आवाज, त्याभोवती वाट न सापडणारे सूर, आणि पुन्हा तोच आवाज. पुढे काय येणार आहे याची चाहूल या प्रकरणात लागते.

या धर्मसंगीतात एक तीन स्वरांची खूण वारंवार येते. जुन्या ग्रेगोरियन पठणातून लिस्टने ती उचलली आणि क्रुसाचे चिन्ह म्हणून ती वापरीत असल्याचे त्याने स्वतःच नमूद केले आहे. आपल्या सरगमीत मांडावयाची तर ती सा-रे-म अशी होईल : गंधार ओलांडून मध्यमावर जाणारी, साधीसुधी, अपुरी वाटणारी चढण. तिच्यात तीव्र-कोमल असा काहीच भाव आगाऊ भरलेला नाही. याउलट त्याच्या पूर्वायुष्यातील हंगेरियन ऱ्हॅप्सोड्यांत जी सप्तके येतात, त्यांपैकी एक कोमल गंधार, तीव्र मध्यम, कोमल धैवत आणि शुद्ध निषाद अशा स्वरांचे आहे. मद्रासकडे नोकरीनिमित्त राहिलेल्या वाचकांच्या कानावर हेच स्वर सिंहेंद्रमध्यम या सत्तावन्नाव्या मेळाच्या रूपाने पडले असतील. ते सप्तक कानावर पडताक्षणी मनाला पकडते. क्रुसाची तीन स्वरांची खूण श्रोत्याकडे काहीच मागत नाही. पहिल्याकडून दुसरीकडे जाणे हाच लिस्टच्या उत्तरायुष्याचा प्रवास होय.

तो प्रवास ‘व्हिया क्रुचिस’, म्हणजे क्रुसाची वाट, या कृतीत पूर्णत्वास गेला. १८७८-७९ मध्ये ती लिहिली गेली. येशूला शिक्षा सुनावण्यापासून त्याला थडग्यात ठेवण्यापर्यंतचे चौदा मुक्काम. प्रत्येकापुढे उभे राहून भाविकांनी प्रार्थना करावयाची, असा हा जुना उपासनाविधी आहे. लिस्टने त्यासाठी गायकवृंद, काही एकटे आवाज आणि ऑर्गन एवढेच साहित्य घेतले. आरंभी एक प्राचीन लॅटिन स्तोत्र सर्व आवाज एकाच स्वरात गातात. त्यानंतर जे येते ते संगीत म्हणावे की संगीताचा सांगाडा, असा प्रश्न पडावा. येशू वाटेत तीनदा पडतो. तीनही वेळा मांडणी तीच : पुरुषांचा एक कठोर आक्रोश, आणि लगेच स्त्रियांच्या मंद आवाजात उभ्या असलेल्या आईचे गीत. शोभा नाही, पुनरुक्तीची भीती नाही. चौथ्या मुक्कामी आई आणि मुलगा समोरासमोर येतात. कोणताही नाटककार येथे दोघांना बोलते करील. पूर्वीच्या लिस्टनेही केले असते. येथे मात्र गाणारे गप्प राहतात आणि केवळ वाद्य काही अडखळते सूर उच्चारते. काही मुक्कामांवर त्याने लूथरपंथीय जर्मन भजनांच्या चाली आणल्या आहेत. कॅथलिक उपासनेत ‘परधर्मा’चे हे सूर घेताना त्याने कोठे स्पष्टीकरणही दिलेले नाही, दुःखाला पंथ नसतो, हे जणू त्याने गृहीतच धरले.

या कृतीचे पुढे काय झाले? रेगेन्सबुर्ग येथील पुस्टेट या धर्मसंगीताच्या प्रख्यात प्रकाशकाने ती परत पाठविली. त्या काळी धर्मसंगीताच्या शुद्धीकरणाची मोठी चळवळ तेथे चालू होती. पण शुद्धता म्हणजे सोळाव्या शतकाचे अनुकरण, अशी तिची धारणा असे. लिस्टचे साधेपण त्या साच्यात बसणारे नव्हते. ज्या चर्चच्या दारात तो द्वारपाल म्हणून उभा राहिला, त्या चर्चला त्याचे दान नको होते आणि मैफलीच्या श्रोत्यांना ते ठाऊकच नव्हते. ‘व्हिया क्रुचिस’ त्याच्या हयातीत एकदाही गाइली गेली नाही. १९२९ च्या गुड फ्रायडेला, कृती पूर्ण झाल्यावर पन्नास वर्षांनी, बुडापेस्टमध्ये तिचे पहिले गायन झाले. प्रसिद्धीसाठी झगा घालणाऱ्या माणसाने असे संगीत लिहून पेटीत ठेवले असते काय? उपहास करणाऱ्यांना एवढा एकच प्रश्न विचारावासा वाटतो.

परंतु भाविक चरित्रकारांपुढेही एक अवघड प्रश्न आहे. त्याच वर्षांत लिस्टने पियानोसाठी काही अगदी छोट्या रचना लिहिल्या. ‘राखाडी ढग’ ही १८८१ सालची, जेमतेम अठ्ठेचाळीस मात्राखंडांची. १८८२ च्या अखेरीस व्हेनिसमध्ये वाग्नरच्या घरी मुक्कामास असताना कालव्यांतून जाणाऱ्या प्रेतयात्रा त्याने पाहिल्या आणि ‘शोकनौका’ लिहिली. काही आठवड्यांतच, १३ फेब्रुवारी १८८३ रोजी, त्याच शहरात वाग्नर वारला. १८८५ मध्ये आधारस्वरच नसलेली एक रचना त्याने केली आणि नावातच तसे सांगून टाकले. आपल्याकडील श्रोत्याला षड्जाशिवाय संगीत ही कल्पनाच सहन होत नाही. तंबोरा छेडल्यावाचून गाणे सुरू होत नाही. ज्या श्रोत्यांसाठी लिस्ट लिहीत होता, त्यांनाही ती सहन होणारी नव्हती. या रचना संपत नाहीत, थांबतात. त्यांत सांत्वन नाही, स्वर्ग नाही, देवाचे नावही नाही. संत झालेला माणूस असे संगीत कसे लिहितो?

पुष्कळ टीकाकारांनी यावर तोड काढली, की या दोन लिस्टना वेगळे ठेवावे : एक देवळातला म्हातारा आणि दुसरा विसाव्या शतकाचा अग्रदूत. आधुनिक संगीताच्या इतिहासकारांना ही तोड फार सोयीची वाटली, कारण तिच्यामुळे झगा बाजूला काढून शोधक तेवढा घेता येतो. मला ही वाटणी मान्य नाही. ‘व्हिया क्रुचिस’मधील चौथा मुक्काम आणि ‘राखाडी ढग’ शेजारी ठेवून ऐकले, तर हात एकच आहे हे कोणाच्याही ध्यानात येईल. तेच उघडेबोडके सूर, तीच अपुरी राहिलेली वाक्ये, तोच मौनावरचा भरवसा. श्रद्धा आणि अंधार हे त्याच्या ठायी दोन पक्ष नव्हते. आपल्या संतांच्या वाङ्मयाशी परिचय असलेल्या वाचकाला यात अचंबा वाटू नये. देव भेटत नाही म्हणून फोडलेला टाहो हा आपल्या भक्तिकाव्याचा अर्धा प्राण आहे. फरक इतकाच, की आपल्या संतांच्या टाहोत भांडणाची ऊब असते. लिस्टच्या शेवटच्या रचनांत ती ऊब नाही. तो भांडत नाही, मागत नाही. ढग राखाडी आहेत एवढेच सांगतो. सांत्वन न मिळताही ज्याने सांत्वनाचा खोटा सूर लावला नाही, त्याच्या श्रद्धेला मी ढोंग म्हणणार नाही.

आता राहिला प्रश्न त्याच्या हंगेरियनपणाचा, आणि येथे मात्र लिस्टच्या पदरी थोडे उणे टाकावे लागते. लिस्ट या आडनावाची लेखनपद्धती हंगेरियन. त्या भाषेत या शब्दाचा अर्थ पीठ. पण घरात बोली जर्मन होती आणि पुढे विचारांची भाषा फ्रेंच झाली. हंगेरियन त्याला कधीच आली नाही. १८३८ मध्ये डॅन्यूबच्या पुराने पेश्त शहर उद्ध्वस्त झाल्याचे कळताच त्याने व्हिएन्नास जाऊन मदतीसाठी मैफली केल्या. ४ जानेवारी १८४० रोजी पेश्तच्या रंगमंदिरात देशबांधवांनी त्याला मानाची तलवार अर्पण केली, तेव्हा त्याला आभाराचे भाषण फ्रेंचमध्ये करावे लागले. १८७३ साली एका मित्राला लिहिताना, भाषा न येण्याबद्दल खेद दर्शवून, आपण जन्मापासून अखेरपर्यंत मनाने मॅग्यारच आहोत, असे त्याने बजावले. ही निष्ठा कृतीतही उतरली. १८६९ पासून तो वर्षाची वाटणी रोम, वायमार आणि बुडापेस्ट अशी करू लागला. १८७५ मध्ये बुडापेस्टला राष्ट्रीय संगीत अकादमी निघाली. तिचे अध्यक्षपद त्याने स्वीकारले आणि साठी उलटलेला हा माणूस दर हिवाळ्यात तेथे जाऊन विनावेतन शिकवू लागला. आज ती संस्था त्याच्याच नावाने ओळखली जाते.

पण प्रेमाने भाषेची उणीव भरून निघते काय? १८५९ साली लिस्टने हंगेरीतील जिप्सी आणि त्यांचे संगीत यांवर फ्रेंचमध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. हंगेरियन म्हणून ओळखले जाणारे संगीत मूलतः जिप्सींचे आहे, असा सिद्धांत त्यात मांडला होता. हंगेरीत संतापाची लाट उसळली. पुढे १९०५-०६ पासून बार्टोक आणि कोदाय हे दोन तरुण संगीतज्ञ खेडोपाडी जाऊन शेतकऱ्यांची गाणी टिपू लागले, तेव्हा उलगडा झाला, की शहरातील खानावळींत जिप्सी वाजवीत ती बहुतेक अलीकडच्या हौशी रचनाकारांची गाणी होती. जुने लोकसंगीत वेगळेच होते आणि ते शेतात, अंगणात, बायाबापड्यांच्या तोंडी टिकून होते. लिस्टच्या कानावर ते पडले नाही. त्याच्या काळी असे संशोधन रुळले नव्हते, हे खरे. स्वतः बार्टोकने १९३६ मध्ये हंगेरियन विज्ञान अकादमीपुढे लिस्टवर दिलेल्या व्याख्यानात या बाबतीत त्याला काळाचा फायदा दिला आहे आणि आधुनिक संगीतावरील त्याचे ऋणही मोकळेपणी मानले आहे. तरीही मला वाटते, की यात भाषेचाही वाटा आहे. वाद्यांचे संगीत भाषेवाचून समजते, गाण्याचे नाही. ज्याला शब्द कळत नाहीत त्याच्यासमोर शेतकरीण गात नाही, आणि गाइली तरी तिच्या गाण्यातील चढउतार कोणत्या शब्दाच्या पोटातून आले हे त्याला उमगत नाही. लिस्टला देशाचे वाजणे ऐकू आले. देशाचे बोलणे ऐकू आले नाही.

प्रांताबाहेर राहून आपली भाषा घरापुरती जपणाऱ्यांनी या उदाहरणापासून दोन्ही बोध घ्यावेत. भाषा विसरलेला माणूस देशाला परका झाला, असा ताम्रपट कोणी काढू नये. कारण भाषा उत्तम येणारे अनेकजण जे करीत नाहीत ते लिस्टने हंगेरीसाठी केले. परंतु मनाने आपण अमुक प्रांताचे, एवढे म्हणून भागतही नाही. ममत्व असले की मदत पाठविता येते, संस्था उभारता येते. समज मात्र भाषेच्याच दारातून आत येते. आपली मुले परगावच्या शाळांत दुसऱ्याच भाषांत वाढत असतील, तर त्यांच्या हातून पुष्कळ चांगले होईल. पण जात्यावरच्या ओवीचा अर्थ त्यांना कोण सांगणार, हा प्रश्न त्यांच्या चांगुलपणाने सुटत नाही.

३१ जुलै १८८६ रोजी लिस्ट बायरॉइथ येथे वारला. वाग्नरची विधवा झालेली त्याची मुलगी कोझिमा हिच्या संगीतोत्सवाला हजेरी लावण्यासाठी तो आजारी अवस्थेत तेथे गेला होता. रोम, वायमार, बुडापेस्ट, या तिन्ही गावांनी त्याच्यावर हक्क सांगावा अशी स्थिती असताना त्याला पुरले गेले ते चौथ्याच गावी. त्याचे अवशेष हलविण्याच्या गोष्टी निघाल्या आणि मिटल्या. बारा गावचे पाणी प्यालेल्या या माणसाला एकही गाव पुरते आपले म्हणू शकले नाही. चर्चने त्याला उंबरठ्याच्या आत घेतले नाही आणि मैफलीच्या जगाने झग्यामुळे त्याचे शेवटचे शब्द ऐकले नाहीत. असे असता तो कशाचा होता, असे कोणी विचारील तर उत्तर त्याच्या अखेरच्या वीस वर्षांच्या संगीतात आहे. त्यातही निवड करावी. ‘संत एलिझाबेथ’ एकदा ऐकली तरी पुरे, ‘क्रिस्तुस’मधील काही प्रकरणे पुनःपुन्हा ऐकावीत, ‘व्हिया क्रुचिस’ मात्र, जे तास-दीड तासाच्या विलंबित ख्यालासाठी स्वस्थ बसू शकतात, त्यांनी दिवे मालवून सबंध ऐकावी. ती पाऊण तासाच्या आतच संपते. ज्या बोटांनी सारा युरोप नादावला होता, त्यांनी शेवटी किती थोडे सूर लिहिले आणि तेवढे कसे पुरले, हे तिच्यात ऐकू येते. लिस्टच्या प्रामाणिकपणाचा याहून मोठा पुरावा त्याच्या कोणत्याही चरित्रात मिळणार नाही.